कादंबरीची जात कोणती?

कथा-कादंबऱ्यांचे वर्गीकरण हा ग्रंथपालाच्या सोयीचा विषय आहे, वाचकाचे त्यावाचून काय अडते, असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद आहे. फळीवर लावलेली चिठ्ठी पुस्तकाच्या आधी वाचली जाते. पुष्कळदा तीच तेवढी वाचली जाते. मराठीत ग्रामीण, दलित, आदिवासी, ख्रिस्ती अशा चिठ्ठ्या लावून झाल्या की जे उरते त्याला नुसते ‘कादंबरी’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाड्यांतील आणि सदनिकांतील सुखदुःखे कोणत्याही विशेषणावाचून साऱ्या मानवजातीची ठरतात. बाकीच्यांची सुखदुःखे त्यांच्या त्यांच्या वस्तीपुरती राहतात. गंमत अशी की ‘कादंबरी’ हे नावच मुळी एका ग्रंथाचे व त्यातील नायिकेचे. बाणभट्टाच्या त्या एका कृतीवरून मराठीने साऱ्या प्रकाराचे बारसे केले.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांवर कोणी प्रामाणिकपणे कादंबरी लिहू लागला तर काय होईल ते पाहावे. पश्चिमेस सह्याद्रीलगत महादेव कोळ्यांच्या वाड्या, भाताची खाचरे, हिरड्याची झाडे. या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली: माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे जुन्नरात, व घोड नदीवरचे डिंभे आंबेगावात. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले. तालुक्याला नाव तेवढे उरले, कचेरी घोडेगावी. धरणांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोहोचले. पाण्यामागून ऊस वाढला. उसात बिबट्या आडोसा शोधू लागला, त्याची पिले तेथेच जन्मू लागली, आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले.

ही सारी एक कथा आहे. आमच्या रूढ पद्धतीने मात्र तिचे तुकडे पडतील. जमीन बुडालेला कोळी ‘आदिवासी साहित्या’त जाईल, पुनर्वसनासाठी त्याने घातलेले खेटे ‘सामाजिक’ कादंबरीत, ऊस लावणारा बागायतदार ‘ग्रामीण’ कथेत आणि बिबट्या ‘शिकार व निसर्ग’ या फळीवर. तोच बागायतदार गावच्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावच्या राहुटीत बसला की ते प्रकरण ‘लोकसाहित्य’! शिवनेरी नुसता क्षितिजावर दिसला तरी कोणी ‘ऐतिहासिक’ म्हणायला कमी करणार नाही. एकाचे घर पाण्यात गेले म्हणून दुसऱ्याच्या शेतात पाणी आले, हा त्या कथेचा कणा. तोच फळ्यांच्या मधल्या फटीत पडून जातो. धरणग्रस्तांवरील विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती ग्रामीण की सामाजिक की राजकीय, असा खल करणाऱ्यास आम्ही एवढेच विचारू की त्यातील कोणते पान फाडून टाकल्यावर ती एका फळीवर बसेल?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे मृत्यू पावली. त्यावरची कादंबरी उद्या आपण ‘आदिवासी’ अशा चिठ्ठीखाली ठेवली, तर डोंगरउतारावर राहणाऱ्या प्रत्येकाचे जे भय, ते ‘त्यांचे’ होऊन बसेल. आमचा राग आहे तो यावर.

आपल्या समाजाला हा अन्याय परका नाही. १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. (पदमनजी कॅथलिक नव्हते, त्याने येथे काही बिघडत नाही.) मराठीतील पहिली कादंबरी हा मान अनेक अभ्यासक तिला देतात, इतर काही ‘हा तर धर्मप्रचार’ म्हणून तिला उंबऱ्याबाहेर बसवतात. हेतू प्रचाराचा होता, हे आम्ही कशाला नाकारू? नायिका शेवटी ख्रिस्ती होते, हे उघडच आहे. परंतु पुस्तकाचा विषय हिंदू विधवांची दैना हा आहे. पुढे तीसएक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहिली. तिची नायिकाही यमुनाच, तिच्याही वाट्याला वैधव्य आणि केशवपन. हरिभाऊंना सुधारणेचा हेतू नव्हता काय? मग एक यमुना ‘सामाजिक कादंबरी’च्या मखरात आणि दुसरी ‘ख्रिस्ती साहित्या’च्या अडगळीत, हा न्याय कोणता?

वर्गीकरणच नको, असे आम्ही म्हणत नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या विश्वपत्रात, आणि द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात, पवित्र लेखकाने कोणत्या वाङ्मयप्रकारात लिहिले ते ओळखून मगच अर्थ लावावा असे शिकवले. योनाचे पुस्तक इतिहासाच्या नोंदीसारखे वाचणारा माशाच्या पोटाचे माप काढत बसतो आणि निनवेवरची देवाची दया त्याच्या हातून निसटते. उडाऊ पुत्राच्या बापाचे गाव कोणते, असे आपण विचारत नाही; तो दृष्टांत आहे हे आपण जाणतो. असले वर्गीकरण पुस्तक कसे वाचावे ते सांगते. आमचे भांडण आहे ते पुस्तक कोणाचे, एवढेच सांगून थांबणाऱ्या वर्गीकरणाशी. चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत कोणी ‘शोमरोनी साहित्य’ म्हणून वेगळ्या फळीवर टाकला असता तर?

यावर कोणी म्हणेल, दलित लेखकांनी ते नाव स्वतःच घेतले. खरे आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा ते नाव हातात धरलेले निशाण होते. निशाण ज्याचे त्याने उभारावे. दुसऱ्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवणे ही निराळी गोष्ट.

आणि आपण? नायक दारू सोडतो, मिस्साला जातो, कथा संपते. तिला आपण ‘ख्रिस्ती कथा’ म्हणून शाबासकी देतो. आपल्याच एखाद्या तरुणाने कांद्याच्या भावावर किंवा उसातल्या बिबट्यावर कथा लिहिली, की ‘यात ख्रिस्ती काय?’ म्हणून विचारतो. दुसऱ्यांनी आपल्याभोवती घातलेले कुंपण आपणच आतून दुरुस्त करत राहतो, हे आम्हास अधिक लागते.

तेव्हा धर्मग्रामांच्या वाचनालयांना आमची विनंती आहे. प्रार्थनापुस्तके आणि संतचरित्रे खुशाल निराळी ठेवावीत. कथा-कादंबऱ्या मात्र लेखकांच्या आडनावांच्या क्रमाने एकाच ओळीत लावाव्यात: आपटे, पदमनजी, पाटील.