छातीतली धडधड आणि चळवळीचे मौन

विक्रोळीच्या हायवेवरून जोगेश्वरी लिंक रोडला वळले की पवईची आयआयटी फार लांब नाही. तिथे 12 फेब्रुवारी 2023 रोजी दर्शन सोळंकी या पहिल्या वर्षाच्या दलित विद्यार्थ्याने जीवन संपवले. घरच्यांनी जातीय छळाचा आरोप केला. संस्थेच्या समितीला मात्र थेट जातिभेदाचा पुरावा सापडला नाही! आपण निषेध केला, तो करायलाच हवा होता.

पण आपल्याच घरातला मुलगा रात्र-रात्र झोपत नाही, परीक्षेच्या दिवशी त्याचे हातपाय गार पडतात, तेव्हा आपण काय म्हणतो? ‘भीमाचा बछडा ना तू? घाबरतोस काय?’ कुणी गुपचूप अंगारा आणते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा!

शाहीर विलास घोगरे आठवा. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा बांधव शहीद झाले. चारच दिवसांनी मुलुंडला घोगरेंनी स्वतःला संपवले. त्यांना आपण अभिवादन करतो. त्या चार दिवसांत त्यांच्या मनाचे काय झाले असेल, हे आपल्या किती सभांत बोलले गेले?

जातीची जखम जातिअंतानेच भरेल, गोळ्या खाऊन नव्हे, असे काही विद्वान कार्यकर्ते सांगतात. हे अर्धेच खरे. नळाला गढूळ पाणी येऊन कावीळ झाली तर मोर्चा पालिकेवर काढायचा आणि पेशंट डॉक्टरकडेही न्यायचा. मनाला वेगळा न्याय का?

प्रस्तुत लेखक स्वतः काही वर्षे चिंतेच्या आजारावर औषध घेतो. केस पुकारली की छातीत धडधड, श्वास अपुरा. हे छापलेस तर अशील तुटतील, असे एका ज्येष्ठ मित्राने बजावले. तुटू द्या. 1935 साली रमाई गेल्या, तेव्हा बाबासाहेब कित्येक दिवस शोकातून सावरले नव्हते. तो त्यांचा दुबळेपणा होता काय?

कायदा आपल्या बाजूने आहे, वस्तीत तो ठाऊक नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 18 ने सरकारी उपचार हा हक्क केला. कलम 23 ने गोपनीयता दिली. कलम 21 प्रमाणे विमा कंपनीने मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यावर पूर्वी 309 कलम लागे. 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत ते कलमच उरले नाही. तरी पोलिसांच्या धाकाने घरचे दवाखान्यात खरे सांगत नाहीत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक नेमायला सांगितले. आपल्या मुलांच्या कॉलेजात तो आहे का, हे पालकांनी लेखी अर्ज करून विचारावे.

आणि 14416 हा सरकारच्या टेलिमानसचा मोफत नंबर. दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येते. विहाराच्या फळ्यावर वंदनेची वेळ लिहितो, त्याच्याच खाली हा नंबर लिहायला एक खडू पुरतो.