दुर्जन नेमका कोण?

स्तोत्रसंहितेवर प्रवचन द्यायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांचा हात पहिल्या स्तोत्राकडे जातो. सहाच वचने, दोनच माणसे. नीतिमान म्हणजे पाटाकाठी लावलेले झाड, दुर्जन म्हणजे खळ्यावरचे भूस. पालघर-डहाणूच्या श्रोत्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सूर्या प्रकल्पाचा कालवा त्याने पाहिलेला असतो. भात उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस वाऱ्यावर जाते, हेही.

अडचण पुढे येते. ‘नीतीने वागणाऱ्याचे सगळे भले होते,’ असे सांगून आपण मोकळे होतो. समोर बसलेला असतो बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार. त्याचा पगार थकलेला, ठेकेदाराच्या दारात मात्र नवी गाडी. तो एवढाच अर्थ काढतो की खोट आपल्यातच असणार.

स्तोत्रांच्या प्राचीन कवींना हा पेच ठाऊक होता. ७३व्या स्तोत्राचा कवी दुर्जनांची भरभराट पाहून आपल्याला हेवा वाटला, सरळपणा फुकट गेलासा वाटला, हे उघड सांगतो. मंदिरात गेल्यावर त्याला त्यांचा शेवट उमगतो. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेल्या ३७व्या स्तोत्रात भूमीच्या वारशाचे आश्वासन पाच वेळा येते. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी गाव सोडावे लागलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या माणसाला, किंवा १९४५च्या वारली उठावाच्या गोष्टी घरात ऐकत वाढलेल्या तलासरीच्या तरुणाला ते कसे ऐकू येईल, याचा विचार करूनच बोलावे.

दुर्जन कोण, हेही नीट सांगायला हवे. आपल्या प्रवचनांत तो बहुधा दारुडा किंवा चर्चला न येणारा असतो. स्तोत्रांतला दुर्जन वेगळा आहे. १०व्या स्तोत्रात तो वस्तीलगत दबा धरून दुबळ्याला गाठतो, ३७व्यात कर्ज घेऊन बुडवतो, ९४व्यात विधवा, अनाथ आणि परक्याच्या जिवावर उठतो. हा ‘परका’ आज आपल्याकडे परराज्यातून येऊन चाळीत दाटीवाटीने राहतो.

म्हणून सुचवावेसे वाटते की पहिले, ३७वे आणि ७३वे ही स्तोत्रे सलग तीन रविवारी घ्या. दुर्जनाचे वर्णन करताना त्याने कोणाचे काय बुडवले, ते सांगा. नाव घ्यायची गरज नाही, लोक ओळखतात. मात्र व्यासपीठावर चढण्याआधी आपल्याच चर्चच्या रखवालदाराचा आणि झाडूवालीचा पगार वेळेवर झाला आहे ना, एवढे पाहून घ्या.