रंग पाहू नका, पाणी पाहा

अंगठीत किंवा गळ्यातल्या माळेत बसवलेले पोवळे तुम्ही पाहिले असेल. तो लाल मणी म्हणजे एका समुद्रप्राण्याचा सांगाडा होय. हा प्राणी भूमध्य समुद्रात अंधुक उजेडात वाढतो. त्याचा लाल रंग सांगाड्यातच असल्यामुळे प्राणी मेल्यावरही पोवळे लाल राहते. उष्ण प्रदेशातील उथळ समुद्रात प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांतील बहुतेकांचा सांगाडा पांढराशुभ्र असतो आणि सारा रंग त्यावरच्या पातळ जिवंत थरात असतो. प्राणी मेला की रंग गेलाच!

हे सांगण्याचे कारण असे, की घरातल्या काचेच्या पेटीत छोटासा समुद्र मांडून त्यात जिवंत प्रवाळ पाळण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. त्याची झगझगीत चित्रे पाहून विद्यार्थी मला विचारतात, "सर, प्रवाळाचा रंग टिकवायला पाण्यात काय घालायचे?" माझे मत असे, की या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाने झाली आहे. रंगाआधी पाण्याचा विचार करायला हवा. का, ते आपण पाहू.

रंग येतो कोठून?

भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. त्यांचा रंग तपकिरी असतो. हिरवा, निळा, जांभळा हे रंग प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. यांतील काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकतात. यालाच आपण प्रतिदीप्ती म्हणतो. चित्रातील पेट्यांवर निळे दिवे लावलेले असतात, ते उगीच नव्हेत. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि खोलवर निळा पोहोचतो. तेव्हा निळा दिवा प्रवाळाला मानवतो हे खरे. पण डोळे दिपवणारी चमक बऱ्याच अंशी त्या दिव्याचीच असते.

आता एक गंमत पाहा. माशांना अन्न जास्त पडले, पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साठले, की शैवाले भराभर वाढतात आणि प्रवाळ तपकिरी दिसू लागतो. उलट पाणी तापले, की शैवाले निघून जातात आणि आतला सांगाडा दिसून प्रवाळ पांढरा पडतो. आणखी एक प्रकार २०२० साली इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी उलगडून दाखवला. सौम्य ताण आला असता काही प्रवाळ पांढरे पडण्याऐवजी अधिकच भडक रंगाचे होतात! शैवाले कमी झाली, की पांढऱ्या सांगाड्यावरून परतणारा प्रकाश पेशींत फार वाढतो. त्यापासून बचावासाठी प्रवाळ रंगीत प्रथिने अधिक तयार करतो. म्हणजे ज्या रंगाचे आपण कौतुक करावे, तो कधी कधी आजाराचे चिन्ह असतो. तापाने लाल झालेल्या मुलाच्या गालांना आपण निरोगी म्हणू काय?

लहान पेटीचे गणित

मग निरोगी प्रवाळाला हवे तरी काय? त्याला हवी स्थिरता. समुद्राच्या पाण्यात दर किलोग्रॅमला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि दर लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. या कॅल्शियमपासूनच प्रवाळ सांगाडा बांधतो. समुद्रात हे आकडे सहसा ढळत नाहीत. पेटीत ते रोज ढळतात.

समजा, तुमची पेटी ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि तीत २५ सेंटिमीटर पाणी आहे. हे झाले ४५ लिटर. दिवसाला ३ मिलिमीटर पाणी उडून गेले, तर पाच दिवसांत २.७ लिटर घटले. क्षार मात्र उडत नाहीत. म्हणून ३५ चा आकडा सुमारे ३७.२ वर जातो. आता प्रत्येक माप दुप्पट करा. पाणी आठपट, म्हणजे ३६० लिटर होईल. पण पृष्ठभाग चौपटच होईल. तेवढ्याच दिवसांत येथे आकडा सुमारे ३६.१ पर्यंतच चढेल. पेटी लहान तेवढी सोपी, असे अनेकांना वाटते. गणित नेमके उलटे सांगते.

उष्णतेचेही तसेच. पाण्यात ३० वॉटचा पंप बुडवून ठेवला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले, तर ४५ लिटर पाणी सुमारे पावणेदोन तासांत १ अंश सेल्सियसने तापेल. समुद्रातील प्रवाळांना नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा १ अंशच जास्त तापमान काही आठवडे सोसावे लागले, तरी ते पांढरे पडू लागतात. त्यात दुपारी वीज गेली, पंप थांबला, म्हणजे प्राणवायूचीही पंचाईत!

इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली होती. समुद्राचे पाणी, समुद्रातले सजीवांनी भरलेले दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, एवढ्यावर ते प्रवाळ जगवत. पाणी शुद्ध राखण्याचे काम ते त्या दगडांतील जीवांवर सोपवत. आजचे जाणते छंदिष्टही रंगाच्या बाटल्यांपेक्षा रोजच्या मोजमापावर आणि ठरावीक दिवशी थोडे पाणी बदलण्यावर भर देतात. परदेशात अनेक ठिकाणी गुलाबाचे कलम करावे तसे पाळीव प्रवाळाचेच तुकडे करून नवे प्रवाळ वाढवतात. त्यामुळे समुद्रातून तोडून आणण्याची गरज कमी होते. हे चांगलेच आहे.

आपण काय करावे?

आपल्याकडे मात्र चित्र वेगळे आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, २००१ सालापासून भित्ती बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना स्थान मिळाले आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. दुकानात विक्रीला ठेवला आहे, एवढ्याने तो कायदेशीर ठरत नाही. काही शिक्षक म्हणतात, "जिवंत प्राणी पाहिल्याशिवाय मुलांना गोडी कशी लागणार?" त्यांचा हेतू चांगला आहे. पण ज्या पेटीत प्राणी जगेल याची खात्री नाही, तिच्यातून मुले मरणच शिकतील.

म्हणून माझी सूचना अशी. शाळेत पेटी जरूर मांडा, पण तीत प्रवाळ नको आणि मासाही नको. साध्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. दूध तपासण्याचा लॅक्टोमीटर घ्या. त्यावर २५ ची खूण म्हणजे घनता १.०२५, जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतकी. गरज पडल्यास थोडे मीठ वाढवून आकडा २५ वर आणा. मग रोज ठरावीक वेळी पातळी, तापमान आणि लॅक्टोमीटरचा आकडा वहीत लिहा. शेजारी एका लहान बरणीत तेच पाणी ठेवून तिचीही नोंद करा. पहिला आठवडा दोन्हींना हात लावू नका. पुढचा महिना आकडे जागच्या जागी ठेवण्याचा प्रयत्न करा. उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचे पाणी घालायचे की साधे, हे तुम्हीच विचाराने ठरवा. शेवटी आलेख काढा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.

या आलेखाला शोभेची किंमत नाही, पण त्याचा अर्थ मोठा आहे. तुमच्या पेटीला १ अंश तापायला पंपाचे पावणेदोन तास पुरतात. समुद्राला तेवढे तापवायला लागणारी उष्णता कल्पनेपलीकडची आहे. तरीही समुद्र तापत आहे. २०२३ साली प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट सुरू झाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही तिचा जबर तडाखा बसला. ४५ लिटर पाणी महिनाभर सांभाळताना ज्याची दमछाक झाली आहे, त्याला ही बातमी वाचून १ अंश म्हणजे काय ते निराळे समजावून सांगावे लागणार नाही.