मेंढीच्या पाठीवरचा हिशेब

सुगी संपली, की धनगर-कुरुबरांचे कळप आपल्या सीमाभागातील शिवारांत उतरतात. शेतात मेंढ्या बसवाव्या आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे द्यावे, ही चाल अथणी-चिकोडीकडील वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. त्या कळपातील एखादी मेंढी दोन हंगाम फळली नाही, म्हणजे तिच्यावर ‘वांझ’ असा शिक्का बसतो आणि ती खाटकाच्या हवाली होते. हा निवाडा नेहमीच न्याय्य असतो काय, याचा आज आम्ही थोडा विचार करू इच्छितो.

प्रजननाची पहिली आज्ञा मेंदूतून सुटते. मेंदूच्या तळाशी असलेला एक लहानसा भाग थांबून थांबून एका संप्रेरकाचे ठोके देतो. त्या ठोक्यांनी पीयूष ग्रंथी जागी होते आणि तिच्या स्रावांमुळे अंडाशयातील बीजे पक्व होतात. मात्र ही आज्ञा देण्यापूर्वी मेंदू शरीरातील शिल्लक तपासतो. चरबीतून स्रवणारे लेप्टिन, स्वादुपिंडातील इन्सुलिन आणि रक्तातील साखर हे त्याचे खबरे होत. यांपैकी लेप्टिनचा शोध 1994 साली लागला. शिल्लक आटली, की ठोके मंदावतात. मेंढी माजावर येत नाही, किंवा आली तरी एखादेच बीज सुटते. पोटच्या जिवाला पुरेल एवढी शिदोरी नसताना त्याला बोलावू नये, हा निसर्गाचा शहाणपणाच म्हणावयाचा.

लोकरीखाली झाकलेली ही शिल्लक डोळ्यांना दिसत नाही. हाताला मात्र कळते. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात 1961 साली त्यासाठी गुण देण्याची एक पद्धत मांडली गेली. आज 1 ते 5 असे गुण देतात. शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या कण्यावर बोटे फिरवावी. हाडांची टोके टोचली तर 1. दाबूनही हाड लागले नाही तर 5. टोके गोलसर असून दाबल्यावरच लागली, तर 3. मेंढा सोडतेवेळी मेंढी 3 च्या आसपास असावी.

याच कारणाने मेंढा सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे भरडा, पेंड किंवा हिरवा चारा वाढवून देतात. ऑस्ट्रेलियात ल्युपिन नावाच्या कडधान्याचा खुराक बीज सुटण्याआधी काही दिवस दिला, तेवढ्यानेही सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढल्याचे आढळले. अशा खुराकाचा सर्वाधिक लाभ मध्यम अंगाच्या मेंढीस होतो. अगदी खंगलेलीस तो अपुरा पडतो आणि लठ्ठ मेंढीस त्याची गरजच नसते.

अतिरेकही बरा नव्हे. मेंढी फळल्यानंतर लगेच तिला भरमसाट खाऊ घातले, तर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि गर्भ टिकवून धरणारे प्रोजेस्टेरॉन तेथे झपाट्याने नष्ट होते. म्हणून पहिला महिनाभर आहार एकसारखा ठेवावा. मेंढ्यालाही विसरू नये. त्याचे बीज तयार होण्यास सुमारे 7 आठवडे लागतात. तेव्हा त्याचा खुराक दोन महिने आधीच सुरू व्हावा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरविला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु रक्तातील गुणाने बीजे वाढली, तरी दोन कोकरे पोटात पोसण्याचे आणि पुढे त्यांना दूध पाजण्याचे काम चाऱ्यालाच करावे लागते.

तेव्हा मेंढीला भाकड ठरविण्यापूर्वी धन्याने तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवावा. अंग भरलेले असूनही ती फळली नाही, तर रोगाची शंका घ्यावी आणि पशुवैद्यास दाखवावे. हाताला कण्याची टोके टोचली, तर मात्र दोष तिच्या कुशीत न शोधता आपल्या गव्हाणीत शोधावा.