जमिनीवर आलेली पाणबुडी



विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर वाळूत एक पाणबुडी उभी आहे. तिचे नाव 'कुरसुरा'. सोव्हिएत रशियात बांधलेली, सुमारे ९१ मीटर लांबीची ही नौका १९६९ साली आपल्या नौदलात आली आणि २००१ साली निवृत्त झाली. ती मोडीत न काढता २००२ साली तिचे संग्रहालय करण्यात आले.

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावचा विद्यार्थी म्हणेल, "समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, आम्हाला पाणबुडीचे काय?" पण विहिरीत कळशी बुडवणाऱ्याला पाणबुडी निम्मी समजलेलीच असते. रिकामी कळशी तरंगते. ती कलती केली की पाणी आत शिरते, हवा बुडबुडत बाहेर पडते आणि कळशी खाली जाते. पाणबुडीही आपल्या दुहेरी कवचामधील टाक्यांत असेच पाणी घेते. कळशी आपण दोरीने वर ओढतो. पाणबुडीला दोरी कुठली? ती दाबून साठवलेली हवा टाक्यांत सोडते, पाणी बाहेर ढकलते आणि वर येते.

दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोग्रॅमने वाढतो. म्हणजे शंभर मीटरवर एका चौरस मीटर पत्र्यावर सुमारे शंभर टन भार! हा भार सगळीकडे सारखा वाटला जावा, म्हणून आतले पोलादी कवच नळासारखे गोल असते.

"हे सारे पुस्तकात आहे, मग जुने लोखंड जपण्यावर खर्च कशाला?" असे काही जण विचारतात. मला हे पटत नाही. यंत्रांच्या गर्दीतून वाट काढत, गोल दारातून वाकून पलीकडे गेल्यावरच कळते, की सुमारे पाऊणशे माणसे येथे कशी राहिली असतील. चित्रावरून हे कळत नाही.

महाराष्ट्राच्या हातून अशीच एक ठेव गेली. भारताची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. सुरक्षितता आणि देखभालीचा प्रश्न सुटला नाही. २०१२ साली ती बंद झाली आणि २०१४ साली भंगारात निघाली. खाऱ्या हवेतला गंज कोणासाठी थांबत नाही. म्हणून संग्रहालयाच्या उद्घाटनाआधीच पुढच्या वर्षांच्या डागडुजीची तरतूद झाली पाहिजे.

तुमचेही एक काम आहे. सहल विशाखापट्टणमला निघाली, तर वहीत प्रश्न लिहून न्या. डिझेल एंजिनाला हवा लागते, मग खोल पाण्यात ही नौका कशावर चाले? श्वासाची हवा कशी पुरे? उत्तरे आतल्या यंत्रांत शोधा, वाटाड्याला विचारा. नुसते मिरवून परत येण्यासाठी एवढे पोलाद जपलेले नाही.