नाक आणि कपाळ

या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत या सदराला सहा आठवडे खाडा पडला, तेव्हा संपादकांनी चौकटीत 'लेखिकेची प्रकृती बरी नसल्यामुळे' एवढेच छापले होते. त्यावर पुष्कळ पत्रे आली. कोणी संधिवातावर निर्गुडीचा पाला सुचवला, कोणी रक्तदाबावर लसूण. एका बाईंनी तर 'सुनेशी पटत नसेल तर मोकळेपणाने लिहा, मन हलके होईल' असे कळवले. ते पत्र सूनबाईनेच मला वाचून दाखवले, कारण त्या दिवसांत मला चष्मा लावता येत नव्हता. का येत नव्हता, ते आज सांगते. सणासुदीला आजारपणाचे कसले रडगाणे, असे कोणी म्हणेल. पण सदर माझे आणि नाकही माझेच.

डाव्या नाकपुडीवर, नथीच्या भोकाच्या जरा वर, एक पुळी आली होती. मोहरीएवढी. मध्यभागी मोत्यासारखी चकाकणारी आणि कडेने काळपट. तिला खपली धरायची, तोंड धुताना ती निघायची, टिपूसभर रक्त यायचे, की पुन्हा खपली. असे दोन वर्षे चालले. मी चष्म्याला बोल लावला आणि चष्मा बदलला. मग हळद झाली, साय झाली. शेजारच्या वहिनींनी चुना लावायला सांगितला. मावसबहिणीचे मत पडले की ही चामखीळ, हिला घोड्याचा केस बांधावा. नाकावर केस बांधायचा कसा आणि या दिवसांत पुण्यात घोडा आणायचा कुठून, या दोन अडचणींमुळे तेवढे राहिले. सगळा घोटाळा असा, की ती दुखत नव्हती. दुखली असती तर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसले असते. न दुखणाऱ्या गोष्टींकडे लक्ष द्यायला घरातल्या बाईला सवड असते कुठे!

सूनबाईचे केस गळत होते म्हणून गेल्या दिवाळीनंतर तिच्याबरोबर कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी सुनेच्या केसांकडे पाहता पाहता मध्येच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, जरा इकडे उजेडात येता का?" त्यांनी भिंग लावून पाहिले. आठवड्याने पुळीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आले ते कर्करोगाचे.

तो शब्द ऐकल्यावर पुढची पाच मिनिटे डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते मला आठवत नाही. हे शेजारी होते, त्यांनी नंतर सगळे पुन्हा सांगितले. हा 'बेसल सेल' जातीचा. कर्करोगांच्या घराण्यातला त्यातल्या त्यात सौम्य. दुसऱ्या अवयवांत पसरण्याचे उदाहरण फार विरळा. मात्र आहे त्या जागी हळूहळू कुरतडत खोल जातो, म्हणून जुने डॉक्टर याला 'रोडंट अल्सर', म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा व्रण म्हणत. वर्षानुवर्षांचे ऊन हे याचे मुख्य कारण. गोऱ्या लोकांत फार आढळतो. आपल्याकडे त्या मानाने कमी, आणि आपल्या सावळ्या कातडीत तो बहुधा काळसर दिसतो, म्हणून तीळ समजून लोक सोडून देतात. मी दोन वर्षे सोडला होता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जन येऊन खाटेशेजारी बसले. वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी कागदावर एक नाक काढले आणि समजावले. आधी रोग काढायचा, कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या आणि त्या स्वच्छ असल्याची खात्री होईपर्यंत थोडे थोडे काढत जायचे. मग जे भोक पडेल त्याला कपाळाची कातडी आणायची. मात्र ती सबंध सोडवायची नाही. भुवईच्या आतल्या टोकाशी एक देठ जोडलेला ठेवायचा. त्यातून रक्तवाहिनी जाते. देठासकट कातडी खाली वळवून नाकावर शिवायची. तीन आठवड्यांत तिला नाकाकडून रक्त मिळू लागले, की देठ कापून टाकायचा.

माझा चेहरा पाहून ते हसले. "काकू, घाबरू नका. हे ऑपरेशन जगाला आपल्या पुण्यानंच शिकवलंय."

आणि मग त्यांनी जी हकीकत सांगितली, ती मी नंतर यांना ग्रंथालयातून शोधून वाचून दाखवायला लावली. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. इंग्रजांनी त्याचे नाव 'कावसजी' असे लिहून ठेवले आहे. वर्षभर तो तसाच हिंडला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवली. जोड बसण्यासाठी काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. २५ व्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. सवाई माधवरावांचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सनेच कावसजीचेही चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये ही सगळी हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये छापून आली. तेथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने पुढे बरीच वर्षे मुडद्यांवर सराव करून १८१४ मध्ये हीच शस्त्रक्रिया लंडनला केली. नाक करण्याची विद्या आपल्याकडे त्याहूनही फार जुनी. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची कातडी आणण्याची रीत सांगितली आहे. पण कपाळाच्या रीतीला आजही साऱ्या जगात 'इंडियन मेथड' म्हणतात. करणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र त्या लेखात नाही. बैल हाकणाऱ्याचे आहे, पाहणाऱ्या साहेबांचे आहे, करणाऱ्याचे नाही.

भुलीचे औषध तेव्हा निघायचे होते. आमच्या यांनी हे वाचून 'शाबास गडी' म्हटले. माझ्या मनात त्या गड्याच्या घरची माणसे आली. वर्षभर त्याच्याकडे कोण सरळ पाहत असेल?

शुद्धीवर आले तेव्हा डोक्याला पट्टी, कानाला पट्टी, नाकाला पट्टी. पुळी मोहरीएवढी, पण पडलेले भोक जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढे होते आणि नाकपुडीची कडही गेली होती. तिला आधार म्हणून कानाची कूर्चा काढून घातली होती. म्हणजे एका नाकासाठी कपाळ आणि कान दोघांनी वर्गणी दिली. चार दिवसांनी घरी आले. उशा दोन, कुशीवर झोपायचे नाही, वाकायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची. देठ भुवईपासून नाकापर्यंत डोळ्याच्या कडेने खाली आलेला, करंगळीएवढा जाड. त्यावर चष्मा बसणार कसा?

घरी आल्यावर पाहिले तर बेसिनवरचा आरसा नव्हता. "खिळा सैल झाला होता," हे म्हणाले. चाळीस वर्षांत या गृहस्थांना घरातला सैल खिळा कधी दिसला नव्हता. मी काही बोलले नाही. सहाव्या दिवशी दुपारी सगळे निजलेले पाहून स्टीलच्या ताटात चेहरा पाहिला. पाहिला तो पाहिलाच. नंतर ताट राखेने घासावे तसे घासून ठेवले.

मलमपट्टी हेच करत. आयुष्यभर नकाशे काढलेला हात; सलाईनचा बोळा फिरवताना एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. पण मी पाहत होते: ते देठाकडे पाहत, टाक्यांकडे पाहत, माझ्याकडे पाहत नसत. काम झाले की हात धुवायला उठत. एकदा मी म्हटले, "अहो, जरा बसा की." तर म्हणाले, "दूध उतू जाईल." गॅसवर दूध नव्हते.

नातीला आठवडाभर तिच्या आजोळी धाडले होते. ती आली ती तडक माझ्या खोलीत. दाराशी थबकली. चार वर्षांचे पोर, घाबरणार, म्हणून मी पदर तोंडावर ओढायला गेले, तोच ती ओरडली, "आजी गणपती झाली! आजीला सोंड आली!"

सूनबाई धावली, तिने तिचा दंड धरला. "असं बोलतात का आजीला?" पोरीचे ओठ वाकडे झाले. आणि मला हसू फुटले. टाके ओढत होते, डोळ्यांत पाणी येत होते, तरी हसू आवरेना. उंदीर दोन वर्षे आधीच येऊन बसला होता, गणपती तेवढा उशिरा आला, असे मी म्हटले आणि दारात उभे असलेले हे एकदम खाली बसले. हसत आहेत असे मला वाटले. हसत नव्हते. मी त्यांना रडताना त्याआधी एकदाच पाहिले होते, सासूबाई गेल्या तेव्हा. "मला वाटलं, तू आता कधी हसणारच नाहीस," म्हणाले. त्या संध्याकाळी आरसा जागेवर आला. खिळा तोच होता.

त्या तीन आठवड्यांतली एक गंमत सांगायची राहिली. नाकावर बोट लावले की स्पर्श कपाळाला कळे! कातडी नाकावर आली, पण तिच्या शिरा अजून माहेरीच बातमी पाठवत होत्या. नाकावर माशी बसली की मी कपाळ झटकायची. ज्या जागेवर चाळीस वर्षे कुंकू लावले तिचाच शेजार हा, असे मनात येई आणि मग त्या परक्या तुकड्याचा राग थोडा उतरे.

२२ व्या दिवशी देठ कापला. त्याच दिवशी कडा स्वच्छ असल्याचा पक्का कागदही हाती आला. चष्मा बसला. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत एक उभी रेघ उरली, आणि नाकाची डावी बाजू जराशी फुगीर, कपाळाच्या रंगाची.

खरे आजारपण तिथून सुरू झाले म्हणा ना. रस्त्यात भेटणारी सुशिक्षित माणसे माझ्या कानाशी बोलू लागली. नजर चेहऱ्यावर येई आणि घसरून कानावर थांबे. त्यांच्या बोलण्यातून 'नाक' हा शब्दच गेला. आता मराठी बाईने नाकाशिवाय बोलायचे कसे? भिशीत एक मैत्रीण सांगत होती, "आमच्या धाकट्यानं तर बाई अगदी नाक..." आणि तिथेच अडकली. कापले की राखले, ते मला आजतागायत कळलेले नाही. पुतणीच्या साखरपुड्याला मी गेले नाही. पाय मुरगळला असे कळवले. यांनी आग्रह केला नाही, तेही लागले.

मग एकदा मंडईत गेले. माझी नेहमीची मेथीवाली. तिने जुडी बाजूला ठेवली आणि सरळ विचारले, "आक्का, नाकाला काय झालं वो?" मी सांगितले. "बघू," म्हणाली. गाळ्याला टेकून मी वाकले. तिने हनुवटी धरून चेहरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला, वांगे पारखावे तसा. "बरं बसवलंय," म्हणाली. मग स्वतःच्या जावेच्या मानेवरचा न बरा होणारा फोड तिने मला सांगितला, आणि मी तिथेच पिशवीतल्या कागदावर डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. पैसे देताना तिने मेथीच्या दोन काड्या जास्त घातल्या. पुतणीच्या लग्नाला मात्र मी गेले.

सासूबाईंची नथ घालायची हौस होती. डॉक्टरांनी चापाचीही नको म्हणून बजावले होते. नव्या कातडीला स्पर्शच कळत नाही, चाप रुतला तरी पत्ता लागायचा नाही. देठ कापला तशी कपाळाकडे जाणारी बातमीही बंद झाली होती आणि नाकाची अजून सुरू झाली नव्हती. त्यामुळे नाकावर ताक लागो, पीठ लागो, पाण्याचा थेंब लोंबो, मला कळत नसे. तेव्हा आमची एक खूण ठरली होती. काही लागले की यांनी आपल्या नाकाला बोट लावायचे. लग्नात पुरुषांच्या पंगतीतून हे सारखे नाकाला बोट लावत होते. व्याहीबुवांना वाटले, वाढण्यात काही चुकले. ते दोनदा येऊन विचारून गेले.

परवा सकाळी चहा घेत होतो. भाद्रपदातला पाऊस, खिडकी बंद. बशीत फुंकर घातली आणि वाफ वर आली. यांनी वर्तमानपत्र खाली केले, माझ्याकडे पाहिले आणि सवयीने बोट नाकाकडे नेले.

"कळलं मला," मी म्हटले. पदर आधीच नाकाशी गेला होता.