प्रवेश दसऱ्याआधी ठरतो

बारावीचा निकाल लागला की आपल्या जालना जिल्ह्यात करिअर मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. हे मेळावे तळमळीने भरवले जातात, त्यांतून मुलांना धीरही मिळतो. पण ज्या मुलांना त्यांची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्यासाठी ते सात-आठ महिने उशिरा होतात. ऊसतोड मजुराच्या लेकीला कोणत्या महाविद्यालयात जागा मिळणार, याचा बराचसा निकाल आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारासच लागून गेलेला असतो. अकरावी-बारावीला शिकवणारे आणि शिकवता शिकवता समुपदेशनाचे काम अंगावर घेतलेले आपले जे वाचक आहेत, त्यांच्याशी या महिन्यात एवढ्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे थांबायची सोय नसते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, आईवडील पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. आता याच्या शेजारी बारावीच्या मुलांचे वेळापत्रक ठेवून पाहा. सीईटीची नोंदणी, नीटचा अर्ज, प्रात्यक्षिके, बोर्डाची लेखी परीक्षा हे सगळे याच महिन्यांत येते. गावात आजी आणि मूल. रेशनकार्ड, वडिलांचा जातीचा दाखला, आजोबांचा निर्गम उतारा पत्र्याच्या पेटीत. पेटीची किल्ली आईजवळ, आणि आई सांगलीकडच्या फडात. अशा घरातल्या मुलाला जानेवारीत ‘कागदपत्रे घेऊन ये’ म्हणण्यात काही अर्थ नसतो.

कागदांचे दोन ढीग करावेत. ज्यांची मुदत संपत नाही ते दसऱ्याआधी: जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जात वैधतेचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर हे दुसऱ्या ढिगात, कारण त्यांचा हिशेब ३१ मार्चला बदलतो. उत्साहाने डिसेंबरात काढून ठेवलेले नॉन-क्रिमीलेअर ऐन प्रवेशाच्या वेळी मुदतबाह्य ठरू शकते. त्याला एप्रिलचा मुहूर्त बरा, तोवर माणसेही परतलेली असतात.

वैधतेच्या प्रकरणाला मात्र खरा वेळ द्यावा लागतो. बार्टीच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, प्राचार्यांच्या सहीचे १५-अ जोडायचे, वंशावळीचे शपथपत्र करायचे आणि प्रकरण जिल्हा समितीकडे द्यायचे, हा क्रम आपल्याला पाठ आहे. (अनुसूचित जमातीचे प्रकरण वेगळ्या समितीकडे जाते, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगावे.) अडते ते पुराव्यापाशी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा कागद लागतो. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. त्या काळातल्या कित्येक नोंदी उर्दूत आहेत. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, खासरा पत्रक, पाहणी पत्रक असे शोधत जावे लागते. सापडलेल्या पानाचे भाषांतर करून घ्यावे लागते. आणि मग त्या पानावर आजोबांचे नाव ‘ज्ञानू’ तर वडिलांच्या दाखल्यावर ‘ज्ञानोबा’ निघते. तो घोळ निस्तरण्यात दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून मुलाला पहिला प्रश्न एकच विचारावा: वडिलांकडच्या नात्यात, चुलत्याला, चुलत भावाला कुणाला वैधता मिळाली आहे का? असेल तर निम्मे काम झाले.

दाखल्यांचा हा विषय आपल्याकडे आंदोलनाचाही आहे. २९ ऑगस्ट २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. पुढे न्या. संदीप शिंदे समितीने जुने अभिलेख तपासले, २०२४ चा एसईबीसी कायदा आला, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. या सगळ्याबद्दल शिक्षकांची मते वेगवेगळी असणार आणि ती असू द्यावीत. वर्गातल्या मुलाला मात्र आपल्याकडून एवढेच नेमके कळायला हवे की दाखला मिळणे आणि वैधता मिळणे या दोन पायऱ्या आहेत. अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळाला तरी मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर राखीव जागा जाते, आणि खुल्या गटाची फी भरण्याची ऐपत नसलेले मूल गुपचूप घरी परतते. अशी मुले कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाहीत.

दुसरा घात ई-सेवा केंद्राच्या खुर्चीवर होतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७१.५२ टक्के होती, महिलांची त्याहून बरीच कमी. अर्ज भरणारा जे भरेल ते, अशीच बहुतेक घरांची स्थिती. घाईत तो स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो. फेरीची यादी लागते तेव्हा ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि त्याचे दुकान नेमके त्या दिवशी बंद असते. मुलाचा स्वतःचा चालू क्रमांक, स्वतःचा ईमेल आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला पासवर्ड, ही शिस्त अकरावीच्या पहिल्या महिन्यात लावता येते. बँक खात्याचेही तसेच. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते खाते पुष्कळदा चौथीत असताना उघडलेले, आता बंद पडलेले असते.

विकल्प अर्ज भरताना आपण शेजारी बसलो तर मुलाची काही वर्षे वाचतात. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर जागा पक्की होते, हे माहीत नसल्याने मुले पहिल्या ओळीत जवळचे काहीतरी टाकून मोकळी होतात. अभियांत्रिकीत ज्या निवड क्रमांकाच्या शेवटी ‘टी’ असतो ती शिकवणी शुल्क माफीची जागा. आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या मुलाने ती वेगळी ओळ भरलीच नाही तर ती त्याला मिळणार कशी?

मुलींच्या बाबतीत शासनाने २०२४-२५ पासून मोठे पाऊल उचलले. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीला संपतो, आणि खोली-खानावळीचा प्रश्न फी माफीने सुटत नाही. म्हणून मुलीच्या घरी बोलायला जाताना फीच्या आधी वसतिगृहाचे बोलावे. स्वाधार योजनेत छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५१ हजार रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयं, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. हप्ता खर्चाच्या मागून येतो. पहिले तीन महिने कशावर काढायचे, हे बापासमोर बसून कागदावर मांडावे लागते.

राहण्याचा प्रश्न किती खोल जातो ते आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. शेलगावच्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख फर्ग्युसनमध्ये शिकून एकविसाव्या वर्षी आयएएस झाला. आपण मुलांना त्याचे यश सांगतो. पुण्यात खोली मिळावी म्हणून मित्राचे नाव सांगावे लागले, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. तेही सांगायला हवे. बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असले तर तो पहिल्या धक्क्याला परत येत नाही.

आणि बाहेर पडणे म्हणजे पुणेच असे नाही. २०१८ पासून जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बदनापूरला कृषी महाविद्यालय आहे. बारावीच्या वर्गात विचारून पाहा, किती हात वर होतात. मंठ्याला लागून असलेल्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेच्या राजू केंद्रे यांनी ‘एकलव्य’ या संस्थेतून पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या नामवंत विद्यापीठांपर्यंत पोहोचवण्याचे काम उभे केले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की समजते: मार्गदर्शन एका भाषणात होत नाही, अर्जापासून वसतिगृहाच्या दारापर्यंत सोबत चालावे लागते.

तेव्हा विनंती अशी. या महिन्यात आपापल्या बारावीच्या वर्गात एक वही घाला. ज्यांचे आईवडील यंदा कोयत्यावर जाणार आहेत त्यांची नावे त्यात आधी लिहा, प्रत्येकासमोर कोणता कागद आहे आणि कोणता नाही ते नोंदवा, आणि टोळ्या निघण्याआधी एका रविवारी त्या पालकांना पेटीतल्या कागदांसकट शाळेत बोलवा. मुलांची नावे गाळून त्या वहीतल्या अडचणी आमच्याकडे पाठवा. ज्या अडचणी तहसील किंवा समितीच्या पातळीवर सुटायच्या आहेत, त्या एकत्र करून दिवाळीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे नेण्याची जबाबदारी हे मासिक घेत आहे.